त्या पत्ते मोजतात

गोव्यात मी चार वर्षं ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटले. मळवलीत आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. कॅसिनो हा शब्द आमच्या घरात कधी कुणी मोठ्याने उच्चारला नाही. नदीत उभ्या असलेल्या बोटीवर, खिडक्या नसलेल्या हॉलमध्ये मी दिवसपाळीला उभी राहायचे. काळी पँट, पांढरा शर्ट, वर जाकीट, आणि कशालाही खिसा नाही. डीलरच्या कपड्यांना खिसा शिवतच नाहीत. टेबल सोडताना दोन्ही हात उलटसुलट करून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे आणि मगच बाजूला व्हायचं. आमच्यावर विश्वास होता तो एवढाच.

खेळ तसा सोपा. खेळणाऱ्याला दोन पत्ते, डीलरला दोन पत्ते. एकवीसच्या जवळ जायचं, एकवीसच्या पुढे गेलं की बाद. राजा, राणी, गुलाम यांचे दहा धरायचे, एक्क्याचा एक किंवा अकरा. आधी खेळणाऱ्याने पत्ते मागायचे, डीलरची पाळी शेवटी. खेळणारा बाद झाला की त्याची रक्कम तिथल्या तिथे ओढून घ्यायची, मग पुढे डीलर बाद झाला तरी त्याला काही परत मिळत नाही. मालकाचा फायदा सगळा या एका गोष्टीत आहे.

पण यात एक फट आहे. बारके पत्ते वाटून संपले की उरलेल्यांत चित्रं आणि एक्के जास्त राहतात, आणि तेव्हा खेळ थोडासा खेळणाऱ्याच्या बाजूला झुकतो. कुठले पत्ते गेले हे ज्याला मनात ठेवता येतं, तो एरवी थोडे लावतो आणि अशा वेळी जास्त. एवढंच. पत्त्याला हात लावायचा नाही, खूण करायची नाही, कुणाशी संगनमत नाही. नुसतं लक्ष ठेवायचं. अशा माणसाला कॅसिनो बाहेर काढतो.

आम्हा डीलर लोकांत यावर दोन तट होते. जेवणाच्या खोलीत माझ्यासोबत दार्जिलिंगकडची एक मुलगी बसायची. ती म्हणायची, "तेरे बाप का पैसा है क्या? जीतने दे." दुसरा एक सीनियर डीलर होता, पंधरा वर्षं याच धंद्यात मुरलेला. त्याला मोजणाऱ्यांचा मनापासून राग. ते टिप देत नाहीत, म्हणायचा, आणि त्यांच्यामुळे सुपरवायझर येऊन आपल्या मानेवर उभा राहतो. दर चार मिनिटांनी पत्ते पिसायला लावतो. नशिबाने जिंकणारा माणूस खुशीत येऊन चिप फेकतो, आमची टिप तीच. मोजणाऱ्याला खुशी होतच नाही, तो कामावर आल्यासारखा येतो.

मला स्वतःला ते आवडायचे. ते शिव्या द्यायचे नाहीत. हरल्यावर टेबलावर मूठ आपटायचे नाहीत. "जरा हसून वाट ना" असं म्हणायचे नाहीत. आणि तरीही मी त्यातल्या एकाला पकडून दिलं. पन्नाशीकडे झुकलेला शांत माणूस होता, प्रत्येक डावानंतर चिप्सची चळत बोटाने सरळ करायचा. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. आम्हाला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी सुपरवायझरकडे बघून जाकिटाची कॉलर नीट केली. थोड्या वेळाने दोघं येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. "सर, दुसरा कुठलाही खेळ खेळा. ब्लॅकजॅक आता नको." त्याने चिप्स गोळा केल्या, माझ्याकडे बघून म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा," आणि गेला. सुपरवायझरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

त्याच टेबलावर त्याच आठवड्यात एक माणूस तीन दिवस हरत होता. मध्येच उठून तो फोनवर कुणाकडून तरी पैसे मागवायचा आणि परत येऊन बसायचा. त्याला कुणी म्हणालं नाही की सर, आता ब्लॅकजॅक नको. त्याला जेवण पाठवलं, दारू पाठवली, मुक्काम वाढवून दिला.

मग लॉकडाऊन आलं, बोट बंद झाली आणि मी मळवलीला परत आले. वडील मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला सांभाळतात, भात लावणीपुरती थोडी जमीन आहे. दोन वर्षं मी आईसोबत त्याच बंगल्यातल्या चादरी धुतल्या. नंतर कुणाकडून तरी कळलं की लोणावळ्यात एक इव्हेंटवाला कॅसिनो पार्टी करतो आणि त्याला पत्ते वाटता येणारं माणूस हवंय.

कॅसिनो पार्टी म्हणजे खोटा कॅसिनो. कंपन्यांच्या सहली रिसॉर्टवर येतात. त्यांना विरंगुळा म्हणून लॉनवर मांडव घालून टेबलं लावायची, प्रत्येकाला सारख्याच प्लॅस्टिकच्या चिप्स द्यायच्या, आणि संध्याकाळी ज्याच्याकडे सर्वांत जास्त चिप्स त्याला बक्षीस. खऱ्या पैशाचा संबंध नाही. इव्हेंटवाल्याकडे बाकीची सगळी कॉलेजची मुलं होती, त्यांना पत्ते धड पिसताही येत नव्हते. मी पहिल्या दिवशी पत्त्यांचा पंखा करून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणजे माझी शान."

जाकीट त्याने दिलं. त्याला मात्र खिसे होते.

तीन वर्षं मी शनिवार-रविवार हे काम केलं, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. दिवसाउजेडी, मोकळ्या हवेत, कुणाचं काही जात नाही. लोक हरले तरी हसायचे. मला वाटायचं, गोव्यातलं जे वाईट होतं ते सगळं गळून पडलंय आणि नुसता हात उरलाय.

ती जानेवारीतली गोष्ट. तळेगावकडच्या एका कारखान्याचं स्नेहसंमेलन होतं. ऑफिसातली माणसं, लाइनवरची माणसं, काही कंत्राटी, सगळ्यांना दोन बसमध्ये भरून आणलं होतं. बक्षीस म्हणून स्कूटर होती. खरीखुरी, नवी, हँडलला लाल रिबन बांधून मांडवाच्या तोंडाशी उभी केलेली. सकाळपासून जो तो तिच्यावर बसून फोटो काढत होता.

जेवणानंतर माझ्या टेबलामागे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, चापूनचोपून नेसलेली पिवळी साडी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. नुसत्या बघत होत्या. अर्धा तास झाला, तास झाला, हलल्या नाहीत. मीच म्हटलं, "मावशी, बसा की. चिप्स मिळाल्यात ना तुम्हाला?"

"मिळाल्यात. पर मला येत न्हाई ह्यो खेळ."

"मी सांगते. सोपा आहे."

"त्यो समजला मला बघून. पैसं न्हाई ना लागत?"

"एक रुपया नाही."

मग त्या बसल्या. पर्स मांडीवर ठेवली, चिप्सची पिशवी उघडून समोर ओतली. मी पत्ते वाटताना विचारलं कुठल्या म्हणून. माहेर पवनेकडचं, लग्न कामशेतला, आता बेगडेवाडीला स्टेशनच्या जवळ खोली. कारखान्यात स्टोअरला होत्या. नट, बोल्ट, वायसर कुठल्या खणात किती हे सगळं त्यांच्याकडे. मी मळवलीची म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "आगं, मग आपल्यातलीच की तू," म्हणाल्या आणि 'ताई'वरून एकदम 'पोरी'वर आल्या.

आमच्याकडे वेळ वाचवायला पत्त्यांचे दोनच कॅट वापरायचे आणि ते जवळजवळ संपेपर्यंत पिसायचे नाहीत, अशी पद्धत होती. इव्हेंटवाल्याला खेळ झरझर चाललेला हवा असायचा. मावशी एकेक चिप लावत होत्या. एक जायची, एक यायची. मग माझ्या हातातले पत्ते संपत आले असताना त्यांनी एकदम वीस चिप्स पुढे सरकवल्या. एक्का आणि राजा. पुढच्या डावाला पुन्हा वीस. राणी, दश्शी. मी पत्ते पिसले आणि त्या परत एका चिपवर आल्या.

दुसऱ्या वेळी असंच झालं. मी ओळखलं. चार वर्षं दुसरं काय केलं होतं मी.

तेवढ्यात मावशी माझ्याकडे वाकून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बारकी संपली सगळी. दुर्री-तिर्री एकच राहिली आसंल. आता चित्रं यायची."

"मावशी," मी हळूच म्हटलं, "मोठ्यानं बोलू नका."

"का गं?"

"असंच. मनात ठेवा."

"बरं," म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःशीच हसल्या. "आमचा बा मेंढीकोट खेळायला बसवायचा आमाला भावंडांना. कुटली दश्शी गेली हे ध्यानात न्हाई ठिवलं की उठवायचा. म्हनायचा, डोकं घरी ठिवून आलीस का."

आमच्या घरीही तेच होतं. मेंढीकोटात चार दश्शा असतात आणि सगळा डाव त्यांच्यावर. कुठली पडली, कुणाच्या हातात उरली हे जो सांगेल त्याला हुशार म्हणायचे. मावळात ज्याने ज्याने म्हणून मेंढीकोट खेळलाय तो प्रत्येक माणूस पत्ते मोजतो. गोव्यात मला हे कधी सुचलं नव्हतं. त्या लॉनवर सुचलं आणि मला मनापासून आनंद झाला. वाटलं, जिंकू दे हिला. स्कूटर घेऊन जाऊ दे. या बाईने तासाभरात एकटीने ते शोधून काढलं होतं जे शिकायला लोक महिने घालवतात.

चार वाजेपर्यंत त्यांच्यासमोर चिप्सचा ढीग झाला होता. माणसं भोवती जमली. लाइनवरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. शेजारी कंपनीचे एचआरचे साहेब येऊन बसले होते, तेही खेळत होते आणि हरत होते. पहिल्यांदा त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या चिप्स संपल्या. ते उठले, इव्हेंटवाल्याला घेऊन मांडवाच्या कडेला गेले आणि मला हाक मारली. टेबलापाशी माझ्या जागी एका मुलाला उभं करून मी गेले.

साहेब आवाज न चढवता बोलले. "ही बाई सारखी कशी जिंकतेय? पत्ते तर तुम्हीच वाटताय."

"खेळतात त्या चांगल्या."

"आज पहिल्यांदा खेळतेय म्हणे. मघाशी तुमचं काहीतरी कुजबुजणं चाललं होतं, मी ऐकलंय. तुमची ओळख आहे का आधीची? गावाकडची?"

"नाही सर. आजच भेटल्या."

"मग भाषा एक, गाव शेजारी, आणि स्कूटर तिलाच. मला काही म्हणायचं नाही, पण बाकीच्या स्टाफला मी काय सांगू?"

इव्हेंटवाला माझ्याकडे बघत होता. तीन वर्षांत त्याने माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. त्याची नजर माझ्या जाकिटाच्या खिशांवर गेली. मला आजही ती नजर आठवते. मी चोर ठरत होते. तिथे ना कॅमेरा होता, ना हात दाखवून सुटका करून घ्यायची सोय.

मी म्हणाले, "सर, माझा काही संबंध नाही. त्या पत्ते मोजतात."

हे वाक्य किती सहज आलं तोंडात. गोव्याचा तो आवाज, तीच तत्परता.

"म्हणजे?"

"म्हणजे कुठले पत्ते गेले ते लक्षात ठेवतात आणि त्यावरून चिप्स लावतात. कॅसिनोत असं चालत नाही. अशा माणसाला उठवतात."

"म्हणजे चीटिंग."

इथे मला 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. ती चीटिंग नव्हे, सर, असं वाक्य पुरं करायला दोन सेकंदं लागली असती. मी बोलले नाही. इव्हेंटवाल्याची नजर माझ्या खिशांवरून निघाली होती आणि ती परत तिथे जायला मला नको होती.

साहेबांनी मग ते सगळं चारचौघांत केलं. टेबलापाशी जाऊन हसत हसत म्हणाले, "मावशी, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात. चोरी पकडली गेली बरं का. पत्ते मोजायला परवानगी नाही." आणि त्या मुलाला म्हणाले, "यांच्या चिप्स जमा करा."

लोक हसले. आधी टाळ्या वाजवणाऱ्या बायकाही हसल्या, थोड्या कमी. कुणीतरी मागून ओरडलं, "मावशी चारशे वीस!" मावशी बसून राहिल्या. त्यांना पहिल्यांदा वाटलं की ही थट्टाच आहे. मुलाने चिप्स ओढायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात आडवा घातला आणि मग स्वतःच बाजूला घेतला.

"मी काय चोरलं?" त्यांनी विचारलं. "मी नुसतं ध्यान दिलं."

मुलगा चिप्स पिशवीत भरत राहिला. त्या उठल्या, पर्स काखेत घेतली आणि बसच्या दिशेने चालायला लागल्या. स्कूटर विक्री विभागातल्या एका पोरसवदा अधिकाऱ्याला मिळाली. त्याच्याकडे आधीच मोटार होती.

आवराआवर करून मी गेटवर आले तर मावशी बसमध्ये न बसता बाहेर उभ्या होत्या. माझीच वाट बघत होत्या.

"तू सांगितलंस व्हय गं त्यांना?"

मी हो म्हटलं.

"का?"

"मावशी, तसा नियम आहे."

"कुनाचा नियम? सकाळी बोर्डावर लिवलं हुतं, मी वाचलं सगळं. त्यात हे न्हवतं."

खरंच नव्हतं. बोर्ड मीच लिहिला होता.

"त्यांना माझ्यावर संशय आला," मी म्हटलं. "तुम्ही आणि मी मिळून केलं असं म्हणत होते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "मग म्हनायचं की न्हाई केलं म्हनून," त्या म्हणाल्या. "खरं हुतं ते." ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि त्या बसमध्ये चढल्या.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "कुनाच्यातली म्हनायची ती बाई?" त्या बौद्ध होत्या, बोलण्याच्या ओघात त्यांनी वस्तीचं नाव सांगितलं होतं. मी तसं सांगितलं. आईने सुपातून मान वर केली नाही. "मंग चोरी म्हनायला त्यांना लय येळ लागला नसंल," एवढंच बोलली. तिने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. ती जे बघत आलीय तेच सांगत होती. पण चोरी म्हणायला निमित्त कुणी दिलं होतं, हे तिने मला विचारलं नाही.

महिन्याभराने मला पुढचं कळलं. त्याच कारखान्यात काम करणारी माझी एक मैत्रीण मळवलीच्या गाडीत भेटली. म्हणाली, मावशींना आता सगळे 'पत्तेवाली' म्हणतात. पहिल्यांदा थट्टा होती. मग ऑफिसात कुणाच्या तरी डोक्यात आलं की इतकी डोक्याने तल्लख बाई स्टोअरला आहे, हिने तिथे काय काय केलं असेल. एक आख्खा दिवस खण उघडून माल तपासला. एक वायसरही कमी निघाला नाही. तरीही किल्ल्या त्यांच्याकडून काढून घेतल्या आणि त्यांना पॅकिंगला टाकलं. दिवसभर उभं राहून खोकी चिकटवायची. गुडघ्यांमुळेच म्हणे त्यांनी पूर्वी स्टोअर मागून घेतलं होतं.

मी इव्हेंटवाल्याकडे गेले. म्हटलं, कंपनीला एक पत्र द्या. पत्ते लक्षात ठेवणं ही फसवणूक नाही, आपल्या नियमांत तसं काही नव्हतं, आपल्याकडून चूक झाली, एवढं लिहा.

"ताई, वेड लागलंय का? पुढच्या वर्षाचं काम आहे त्यांचं. शिवाय सांगितलं कुणी? तुम्ही."

"म्हणूनच म्हणतेय. माझं नाव घाला."

"आणि मग ते म्हणतील, तुमची माणसं त्या बाईला सामील होती. नाही नाही."

शेवटी मी स्वतःच लिहिलं. दोन पानं, हाताने. मी गोव्यात चार वर्षं डीलर होते, मोजणं हे कुठल्याही अर्थाने चीटिंग नव्हे, कॅसिनो अशा माणसांना काढतो ते खोटं खेळतात म्हणून नव्हे तर बरं खेळतात म्हणून, त्या दिवशी मी घाबरून अर्धंच बोलले, हे सगळं लिहिलं. गोव्यातली नोकरी मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर कबूल केली. स्वतः कारखान्याच्या गेटवर जाऊन पत्र दिलं, पोच घेतली. उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी इव्हेंटवाल्याचा फोन आला की सध्या कामं कमी आहेत, लागलं तर कळवतो. जाकीट परत मागायला त्याने माणूस पाठवला.

मग एका रविवारी मी बेगडेवाडीला गेले. चौकशी करत त्यांची खोली शोधली. मावशी दारात बसून वाटाणे सोलत होत्या. मला ओळखलं, पण उठल्या नाहीत. मीही उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. पत्राची पोच त्यांच्या हातात दिली आणि पत्राची नक्कल वाचून दाखवली. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही.

वाचून झाल्यावर म्हणाल्या, "कवा दिलंस हे?"

"तीन आठवडे झाले."

"मला कुनी बोललं न्हाई." सोललेले वाटाणे त्यांनी पातेल्यात ओतले. "आगं, हे तवा बोलायचं हुतं. समद्यांम्होरं. चोर म्हनले ते समद्यांम्होरं, आन न्हाई म्हनतीस ते कागदावर. साहेब कागद घडी घालून खणात ठिवनार. त्यो कोन वाचनार?"

"तुम्ही पुन्हा स्टोअर मागा ना. माल तर बरोबर निघाला."

"मागितलं. साहेब म्हनले, मावशी, तुमाला समदं ध्यानात राहतं, त्येचीच भीती वाटती आमाला." त्या हसल्या, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "इतकी वर्सं त्यांना तेच बरं वाटत हुतं. कुटला बोल्ट कुटं ते इचारायला मलाच हाका मारायचे."

मला माफी मागायची होती. मी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, जसं पत्र ऐकून घेतलं होतं. "बरं," म्हणाल्या. चहा विचारला नाही. मावळात दारात आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी पोच त्यांच्याकडेच ठेवली आणि स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. बाकावर बसून राहिले.

पाऊण वर्षाने त्यांनी कारखाना सोडला. गुडघे चालेनात. आता कामशेतच्या बाजारात एका तांदळाच्या दुकानात बसतात असं ऐकलं. आम्ही तांदूळ घरचाच खातो, त्यामुळे त्या दुकानात जायचं काही कारण निघत नाही. एकदा रस्त्याच्या पलीकडून मला त्या दिसल्या. मालक काहीतरी विचारत होता आणि मावशी मागे वळूनही न बघता हाताने सांगत होत्या, वरच्या फळीवर, तिसरं पोतं. मी थांबले नाही.

त्या कारखान्याची पार्टी दर जानेवारीला होते. माझ्या जागी आता कॉलेजची एक मुलगी पत्ते वाटते. मी पुन्हा आईसोबत बंगल्यावर जाते. मुंबईच्या पाहुण्यांत कधी कुणी पत्ते घेऊन बसतं, एखादा हात कमी पडला की मला बोलावतात, ताई, येतं का खेळता? मी नाही म्हणते. कपडे वाळत घालायचे असतात.